दोन्ही वाटांची गाडी

मेक्सिकोतल्या तिहुआनाच्या तार ऑफिसात एका कागदावर वेळेचा शिक्का पडला आणि दुसरा शिक्का पडला थेट ला पाझच्या तार ऑफिसात. मधे ९५२ मैल, म्हणजे साधारण १५३० किलोमीटर. दोन शिक्क्यांच्या वेळांत फरक ३९ तास ५६ मिनिटांचा. साल १९६२. गाडी होंडा सीएल७२ स्क्रॅम्बलर, म्हणजे डांबरावर आणि मातीतही चालेल अशी मोटरसायकल, इंजिन जेमतेम २४७ सीसीचं. मोटरसायकलच्या इतिहासात पुराव्याचे कागद पुष्कळ आहेत, पण मला सगळ्यात जास्त विश्वास या दोन शिक्क्यांवर वाटतो. तिथे ना शर्यतीचे पंच होते, ना झेंडा, ना कोणी टायमर लावून बसलेलं. लोक मयताची नाहीतर मुलगा झाल्याची तार करायला ज्या खिडकीशी उभे राहतात, तिथेच धुळीने माखलेला एक माणूस येऊन उभा राहिला आणि त्याची वेळ नोंदवली गेली.

सरासरी काढली तर ताशी अडतीस किलोमीटर पडते. आकडा ऐकून कोणी म्हणेल, एवढा तर आमच्या घाटातल्या एसटीचा वेग. खरं आहे. पण बाहा कॅलिफोर्नियाचं ते द्वीपकल्प तेव्हा कसं होतं हे कळल्याशिवाय या अडतीसची किंमत कळत नाही. मेक्सिकोच्या वायव्य कोपऱ्यातून दक्षिणेकडे लोंबणारी ही लांबच लांब चिंचोळी जमीन. एका अंगाला पॅसिफिक, दुसऱ्या अंगाला कॅलिफोर्नियाचं आखात, मधे डोंगर आणि वाळवंट. एन्सेनाडाच्या थोडं पुढे गेलं की डांबर संपायचं. ते पुन्हा भेटायचं एकदम ला पाझ जवळ आल्यावर. मधल्या मुलखात चाकोऱ्या होत्या, कोरड्या नद्यांची पात्रं होती आणि एका चाकोरीला दहा फाटे फुटायचे. द्वीपकल्पाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा पक्का महामार्ग पुरा व्हायला १९७३ साल उजाडावं लागलं.

मी गेली बरीच वर्षं सॅन डिएगोत राहतो. सीमा हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे त्या महामार्गाने गाडी घेऊन खाली जाणं झालं आहे. कातावीन्याच्या आसपास घराएवढ्या गोल शिळांचे ढीग लागतात. त्यांच्यामधून सिरियो नावाची झाडं वर गेलेली असतात, सरळसोट, फांद्या जवळजवळ नसलेली, शेंड्याशी पिवळसर झुबका. पुढे सान इग्नासियोला खजुरांची गर्द बाग आणि पाण्याचा झरा अचानक समोर येतो, तेव्हा जीव थंड होतो. रस्त्याच्या कडेने जुन्या वाटेचे तुकडे मधूनमधून दिसत राहतात. मी प्रत्येक वेळी गाडी बाजूला घेऊन ते बघतो. मनगटाएवढे धोंडे, त्यांच्यामधे पिठासारखा मऊ फुफाटा. त्या फुफाट्यात पुढचं चाक गेलं की हँडल कोणाच्या बापाचं ऐकत नाही. हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण मी माणदेशातला आहे आणि आमच्या पाणंदींनी ते लहानपणीच शिकवलं.

हा पराक्रम सांगताना लोक थेट वाळवंटात उडी घेतात. मला मात्र त्याच्या मागची दोन-तीन वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

होंडाने अमेरिकेत पाय ठेवला तो १९५९ च्या जूनमध्ये. लॉस एंजेलिसच्या पिको बुलेवार्डवर एक छोटी इमारत घेतली, किहाचिरो कावाशिमा प्रमुख म्हणून आले आणि विक्री सुरू झाली. सुरुवात अवघड गेली. जपानमध्ये गाड्या तुकड्यातुकड्याने, लहान अंतरांवर चालायच्या. अमेरिकन गिऱ्हाईक त्या तासन्‌तास सुसाट हाणायचं. मोठ्या गाड्यांच्या हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या सांध्यातल्या सीलच्या चकत्या, गेल्या, क्लचने दगा दिला, आणि दुरुस्ती शोधण्यासाठी गाड्या जपानला परत पाठवाव्या लागल्या. त्या काळात कंपनीला तारलं ते ५० सीसीच्या सुपर कबने. ही चिमुकली गाडी आपण विकायला आलोच नव्हतो असं वाटणाऱ्या माणसांना शेवटी तीच विकावी लागली.

आता यातली माझी आवडती गोष्ट. जॅक मॅकॉरमॅक हा अमेरिकन होंडाच्या विक्रीचा माणूस. त्याच्या लक्षात आलं की आयडाहो राज्यातल्या बॉइझी नावाच्या गावात ५० सीसीच्या गाड्या भलत्याच खपताहेत. लॉस एंजेलिससारख्या महानगरात होत नाही एवढी विक्री या डोंगराळ गावात कशी? चौकशी केली तर तिथल्या हर्ब उल नावाच्या डीलरने सुपर कबला मागे मोठं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, लावलं होतं, गुट्ट्यांचे टायर चढवले होते, आणि शिकारी, मासेमारी करणारे, डोंगरात भटकणारे लोक त्या गाड्या घेऊन जंगलात शिरत होते. वेग कमी झाला, चढ चढायची ताकद वाढली. मॅकॉरमॅकने ही बातमी जपानला कळवली आणि १९६१ मध्ये कंपनीने तशीच गाडी कारखान्यातून काढली. ट्रेल ५०.

मला यात जे दिसतं ते असं: गाडीचा उपयोग कारखान्यात ठरला नाही, तो आडगावच्या एका दुकानात ठरला. कंपनीचं मोठेपण एवढंच, की तिने ते ऐकलं. पण हे ‘एवढंच’ फार मोठं आहे. एखाद्या डीलरने कंपनीची गाडी कापून-जोडून वेगळीच करून विकली, तर बहुतेक कंपन्या त्याला नोटीस पाठवतात.

सीएल७२ ही त्याच ऐकण्याची पुढची पायरी. कॅलिफोर्नियात तेव्हा वाळवंटातल्या शर्यतींचं वेड शिगेला पोचलं होतं. मोहावी वाळवंटाच्या वाळूत शेकडो लोक ब्रिटिश गाड्या घेऊन उतरायचे. ट्रायम्फची ६५० सीसीची ट्विन घ्यायची, दिवे-मडगार्ड उतरवायचे, सायलेन्सर वर उचलून बांधायचा, इंजिनाखाली पत्रा ठोकायचा आणि निघायचं. त्यांना लोक डेझर्ट स्लेड म्हणत. जड, दांडग्या, दणकट गाड्या. त्यांच्यात जपानी अडीचशे सीसी म्हणजे खेळणं, असा सगळ्यांचा समज. होंडाच्या शर्यतीच्या गाड्यांनी १९६१ मध्ये १२५ आणि २५० या दोन्ही वर्गांत जगज्जेतेपद घेतलं होतं, टॉम फिलिस आणि माइक हेलवुड यांच्या हातून. पण ते डांबरी ट्रॅकवर. धुळीत कोण विचारतो?

सीएल७२ चं इंजिन आलं सीबी७२ वरून, म्हणजे होंडाच्या रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाडीवरून. दोन सिलिंडर शेजारी शेजारी, डोक्यावर झडपा उघडणारा एक कॅमशाफ्ट, तो फिरवणारी चेन दोन सिलिंडरांच्या मधून वर गेलेली. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५४ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही ५४. क्रँक १८० अंशांचा, म्हणजे एक पिस्टन वर असताना दुसरा तळाशी. नऊ हजार आरपीएमपर्यंत बिनबोभाट फिरणारं इंजिन, ताकद २४ हॉर्सपॉवर. त्या काळच्या ब्रिटिश ट्विन याच्या किती तरी आधी धापा टाकायला लागायच्या, आणि तेलाचे थेंब तर उभ्या जागी गाळायच्या. होंडाचं इंजिन कोरडं ठणठणीत असायचं. जुने मेकॅनिक आजही याबद्दल बोलताना हाताने जमिनीकडे दाखवतात.

फ्रेम मात्र नवी केली, आणि गाडीचा सगळा स्वभाव त्यातून बदलला. सीबी७२ मध्ये इंजिनासमोरून खाली येणारी नळीच नाही, इंजिन स्वतःच फ्रेमचा भाग होऊन लटकतं. डांबरावर ते छान. धोंड्यांवर आदळलं तर केसिंग फुटायचं. म्हणून सीएलला समोरून खाली उतरून इंजिनाला पोटाशी धरणारी नळी दिली आणि खाली संरक्षक पत्रा दिला. आता गंमत अशी, की सीबीचा बटण स्टार्टर नेमका इंजिनाच्या पुढच्या अंगाला बसतो, आणि नवी नळी त्याच जागेतून जाते. स्टार्टर गेला. सीएल७२ फक्त किकवर सुरू होते. मजबुतीसाठी सोय सोडली, हा निर्णय त्या एका नळीत दिसतो. मला तो फार पटतो. वाळवंटात बॅटरी उतरली तर पाय तेवढा उपयोगी पडतो.

बाकी बदल पाहिल्याबरोबर कळतात. चाकं अठराऐवजी एकोणीस इंचांची. रुंद हँडल, त्याला मधे आडवी दांडी. आणि दोन्ही सायलेन्सर नळ्या डाव्या बाजूने, एकीवर एक, वर उचलून मागे नेलेल्या, पायाला चटका बसू नये म्हणून त्यांच्यावर भोकांचं कव्हर. सीएल ओळखायची ती याच खुणेवरून. आवाज दाबण्याची व्यवस्था तिथे नावापुरतीच होती. एक्झॉस्टचा तो उघडा, कडक, थोडा फाटका आवाज त्या काळच्या अनेकांनी गल्लीबाहेरूनच ओळखला असेल.

आणि तरीही दिवा होता. हॉर्न होता, नंबर प्लेट होती, मागे माणूस बसेल असं सीट होतं. सोमवारी कॉलेजला नेता येईल आणि रविवारी डोंगरात नेता येईल अशी एकच गाडी. ती दोन्हीकडे थोडी थोडी कमी पडायची. डांबरावर सीबीपेक्षा हळू, ब्रेकही सीबीपेक्षा बेताचे. वाळूत खऱ्या शर्यतीच्या गाडीपुढे जड, वजन दीडशे किलोच्या घरात, सस्पेन्शनला फार वाव नाही. दोन्हीकडे कमी पडूनही ती दोन्हीकडे जायची. तिचं सगळं मोठेपण मला यातच दिसतं. त्याबद्दल पुढे बोलतोच.

तर ही गाडी लोकांना पटवायची कशी? मॅकॉरमॅक आणि त्याचा सहकारी वॉल्ट फुल्टन बड एकिन्सकडे गेले. बड हा वाळवंटी शर्यतींतला बादशहा, हॉलिवूडमध्ये स्टंट करणारा, नट स्टीव्ह मॅक्विनचा दोस्त. पण तो ट्रायम्फशी बांधलेला, होंडा चालवणार कसा? त्याने धाकट्या भावाचं नाव सुचवलं. डेव्ह एकिन्स. डेव्ह स्वतःही कसलेला वाळवंटी शर्यतवीर होता. त्याच्या जोडीला बिल रॉबर्टसन ज्युनियर, हॉलिवूडमधल्या एका होंडा डीलरचा मुलगा. दोघं, दोन सीएल७२, आणि वरून एक छोटं विमान. विमानात सायकल वर्ल्ड मासिकाचा संस्थापक जो पार्कहर्स्ट होता. मासिक त्याच वर्षी सुरू झालेलं, त्याला बातमी हवी होती आणि होंडाला बातमी छापणारा हवा होता. विमान ठरल्या जागी उतरायचं आणि पेट्रोल द्यायचं. रस्ताच नसलेल्या मुलखात धावपट्ट्या होत्या, हे आज विचित्र वाटतं. पण बाहातली दूरदूरची गावं, खाणी आणि मासेमारीचे तळ तेव्हा विमानानेच जगाशी जोडलेले होते.

रात्री वाट चुकून त्यांचा बराच वेळ गेला. ज्याने रात्री अनोळखी माळावर गाडी चालवली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. दिव्याच्या उजेडात सगळ्या चाकोऱ्या सारख्या दिसतात. सहा व्होल्टचा, बारा व्होल्टचा, कसलाही दिवा असो, तो आपल्या पुढचे वीस-तीस हात दाखवतो आणि आपण नेमके त्याच्या पलीकडे चुकतो. डेव्ह एकिन्स आधी पोचला, ३९ तास ५६ मिनिटांत. रॉबर्टसन त्याच्यामागून तासाभराच्या आत. पण रॉबर्टसनची कथा मला जास्त जवळची आहे. त्याच्या इंजिनाचा एक सिलिंडर शेवटच्या टप्प्यात गेला आणि तो उरलेल्या एकाच सिलिंडरवर ला पाझला आला.

इथे मला थांबायचं आहे. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला आपला वेगळा कार्बोरेटर आहे आणि स्पार्कसाठी आपला वेगळा पॉइंट सेट, म्हणजे ठिणगीची वेळ साधणारा स्विच. त्यामुळे एक मेला तरी दुसरा आपलं काम करत राहतो. सव्वाशे सीसीही नाही एवढं अर्धं इंजिन, वर मेलेल्या पिस्टनचं ओझं, पायाखाली वाळू, दीड दिवसाचं जागरण. पहिला आलेला माणूस इतिहासात राहिला, ते योग्यच आहे. पण कंपनीला जे सिद्ध करायचं होतं ते या दुसऱ्याने केलं असं मी मानतो. बिघडूनही पोचणारी गाडी, ही धावत पोचणाऱ्या गाडीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

या प्रवासाने बाहाला वेडच लावलं. १९६७ च्या एप्रिलमध्ये ब्रूस मायर्स आणि टेड मँगल्स यांनी मायर्सने स्वतः बनवलेल्या फायबरग्लासच्या डून बगीतून, म्हणजे वाळूत चालणाऱ्या हलक्या मोटारीतून, तेच अंतर ३४ तास ४५ मिनिटांत कापलं. मोटरसायकलचा, मोडता येणार नाही असं वाटणारा विक्रम चारचाकीने मोडला म्हणताना पुन्हा चर्चा झाली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी एड पर्लमन यांच्या नोरा संघटनेने पहिली रीतसर शर्यत घेतली, मेक्सिकन १०००. आजची जगप्रसिद्ध बाहा १००० ती हीच. तिच्या मुळाशी अडीचशे सीसीच्या दोन गाड्या आणि दोन शिक्के आहेत.

होंडाने मधल्या काळात १९६३ पासून ती प्रसिद्ध जाहिरात चालवली होती, होंडावर भेटणारी माणसं सगळ्यात छान असतात अशा अर्थाची. मोटरसायकल म्हणजे गुंड, ही प्रतिमा त्या मोहिमेने पुसली असं म्हणतात. म्हणू देत. पण स्वच्छ कपड्यांतली माणसं आणि धुळीतला एकिन्स, दोघांनाही एकाच कंपनीने गिऱ्हाईक मानलं हे मला जास्त लक्षणीय वाटतं.

१९६५ मध्ये ३०५ सीसीची सीएल७७ आली, नंतर सीएल४५०, सीएल३५० आणि लहान-मोठ्या कितीतरी. उंच सायलेन्सरची एक पिढीच तयार झाली. आणि मग १९६८ ला यामाहाने डीटी-१ आणली. २४६ सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, अंगाने सडपातळ, पहिल्या रेघेपासून मातीसाठी आखलेली, तरी दिवा-नंबर प्लेट लावून रस्त्यावर चालणारी. तिने रस्त्यावरच्या गाडीला वर सायलेन्सर बांधून मातीत पाठवण्याचा खेळच संपवला. होंडाचं उत्तर आलं ते १९७२ मध्ये एक्सएल२५० च्या रूपाने, आणि पाठोपाठ निव्वळ मोटोक्रॉससाठीची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीसाठीची, टू-स्ट्रोक एल्सिनोर. मग फाटे फुटत गेले. मातीची गाडी वेगळी, रस्त्याची वेगळी, लांब पल्ल्याची वेगळी, शर्यतीची वेगळी. प्रत्येक आपल्या कामात सीएलपेक्षा किती तरी सरस. यात वाद नाही. डीटी-१ फार चांगली गाडी होती.

पण या वाटणीत काहीतरी हातचं गेलं, आणि मला ते जाणवतं ते माझ्या गावामुळे. आमच्याकडे थोरल्या चुलत्यांची, आबांची, राजदूत होती. एस्कॉर्ट्सची १७५ सीसीची, मूळ आराखडा पोलंडच्या एसएचएल गाडीचा. पहाटे दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या बांधून आबा मळ्यातून डेअरीवर जायचे. मधे ओढा, ओढ्यात वाळू, वर मुरमाची चढण. डेअरीतून आल्यावर तीच गाडी पुसून, धोतर नीट खोचून म्हसवडच्या बाजाराला. लग्नाला तीच, दवाखान्यात तीच, पेंडीचं पोतं आणायला तीच. तिला कोणी स्क्रॅम्बलर म्हटलं नाही. तिचा सायलेन्सर खालीच होता, आणि ओढ्याला पाणी आलं की आबा रेस कमी होऊ न देता, पहिल्या गिअरमधे, पाय उचलून ती पार करायचे. मी मागे बसून किटली धरून ठेवायचो. आबा सांगायचे, “पाण्यात थांबायचं नाय बाळा, थांबलं की संपलं.” पुढे गावात एम-८० आल्या, हिरो होंडाच्या सीडी १०० आल्या, त्याही त्याच पाणंदीने त्याच किटल्या घेऊन गेल्या.

बॉइझीचे शिकारी आणि आमचे दूधवाले यांची गरज एकच होती. फरक एवढाच पडला की बॉइझीतल्या दुकानदाराचं म्हणणं विक्रीच्या आकड्यांतून कोणाच्या तरी लक्षात आलं. माणदेशातल्या वेल्डिंगवाल्याने किटलीसाठी जोडलेला लोखंडी सांगाडा कोणत्याही कारखान्याच्या आराखड्यात गेला नाही. तो आजही गावोगाव हाताने जोडला जातो. तो सांगाडा कंपनीने बनवायला हवा होता असं मला मनापासून वाटतं. एका अख्ख्या प्रांताचं दूध त्याच्यावरून वाहिलं आहे.

इथे माझ्या शेजारी नौदलातून निवृत्त झालेले एक मशिनिस्ट राहतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या गॅरेजमध्ये १९६० च्या दशकातली एक सीएल७२ आहे, तरुणपणी घेतलेली, मधे कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिलेली. ती जागी करायला त्यांनी घेतली तेव्हा मी हाताखाली लागलो. पाना दे, दिवा धर, एवढंच माझं काम. पण त्यामुळे ही गाडी आतून पाहायला मिळाली. दोन्ही कार्बोरेटरच्या वाट्या उघडल्या तेव्हा आत पेट्रोलचा राळेसारखा थर साठलेला होता. त्यांनी बारीक पितळी तारेने एकेक जेट साफ केला, दिव्यासमोर धरून भोक गोल दिसतंय का ते बघितलं, मगच पुढचा घेतला. पॉइंट उघडून फट मोजायच्या फीलर गेजची पाती घातली आणि मला ओढून बघायला लावली. पातं निघताना बोटांना किंचित अडलं पाहिजे, अगदी किंचित. तो अटकाव कसा असतो हे पुस्तकात वाचून कळत नाही. इंजिनाच्या पुढे स्टार्टरची रिकामी जागा त्यांनीच मला दाखवली, तिथे बसवलेली झाकणाची पट्टीही.

गाडी सुरू झाली तेव्हा आवाज ऐकून पलीकडच्या घरातली मुलं बाहेर आली. १८० अंशांच्या क्रँकमुळे आयडलला ती एकसारखी वाजत नाही, जरा लंगडत वाजते. रेस दिली की तो लंगडेपणा विरून एक घट्ट आवाज तयार होतो. डाव्या पोटरीला त्या कव्हरमधूनही ऊब लागते. थंडीत बरं वाटतं, उन्हाळ्यात नाही.

आमच्यात वाद झाला तो यानंतर. त्यांच्या ओळखीच्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांचं म्हणणं, की आता ही कारखान्यातून आल्यासारखी चकचकीत करा, प्रदर्शनात मांडा. क्रोम नवं, रंग नवा, नट-बोल्टसुद्धा मूळचे शोधून. मी स्पष्ट सांगितलं, की मला हे पटत नाही. फुलदाणीसारखी जपायला सीबी७२ चालेल, ती देखणी आहे. सीएल मातीत गेली नाही तर ती सीएल कशाला? शेजाऱ्यांच्या गाडीच्या चंदेरी मडगार्डवर एक पोचा आहे, सत्तरच्या दशकात कुठल्याशा धोंड्यावर पडून आलेला. तो काढू नका असं मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो.

होंडाने २०२२ च्या शेवटी पुन्हा सीएल नाव बाहेर काढलं, सीएल५०० आणि सीएल२५० जाहीर केल्या. इतर कंपन्याही आता उंच सायलेन्सर लावून स्क्रॅम्बलर विकताहेत, भारतातही. मला त्याचा आनंदच आहे. एखादा मुलगा ती गाडी ऑफिसला नेता नेता एखाद्या रविवारी भोरच्या मागल्या बाजूच्या कच्च्या रस्त्याला वळवेल. वळवावी. त्यासाठीच ती केलेली असते. कंपन्यांकडे माझं मागणं एवढंच, की इंजिनाखालचा पत्रा खरा द्या, टायर खरे द्या, आणि दुरुस्ती तालुक्याच्या मेस्त्रीला जमेल अशी ठेवा.

आमच्यापासून दोनेक तासांवर अँझा-बोरेगो हे वाळवंटी राज्य उद्यान आहे. शेकडो मैलांच्या कच्च्या वाटा आहेत त्यात. नियम असा, की तिथल्या वाटांवर गाडी न्यायची तर ती रस्त्यावर चालवायला परवाना असलेली पाहिजे. दिवा, नंबर प्लेट, सगळं. म्हणजे निव्वळ मातीसाठी बनवलेली, सीएलला सहज मागे टाकणारी मोटोक्रॉसची गाडी तिथे जाऊ शकत नाही. आणि अर्धी रस्त्याची, अर्धी मातीची ही साठ वर्षांपूर्वीची गाडी बिनदिक्कत जाऊ शकते. हे मी शेजाऱ्यांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकोणीस इंची गुट्ट्यांचे टायर मागवले. रंगाचं काम थांबलं आहे. पोचा आहे तिथेच आहे. नोव्हेंबरात ऊन उतरलं की जायचं ठरलं आहे. ते सीएलवर, मी मागून जीपमध्ये पेट्रोल, पाणी, जादा ट्यूब आणि फीलर गेज घेऊन.